‘एनजीओला एक रुपया देऊ नका’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही दिवस तो मेसेज सगळ्याच ग्रुपवर फिरतोय, सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, ऑफिसच्या. वाचला नसेल तर थोडक्यात सांगते. सरकार शाळा, पुस्तकं, गणवेश, जेवण सगळं फुकट देतं, तरी गरीब मुलांच्या शिक्षणाच्या नावाने संस्था पैसे गोळा करतात, ते सगळे पगारात जातात, त्या मुलांच्या आईबापांनाच शिकवायचं नसतं, आणि उरलेल्या पैशात संस्थावाले मुलांना चित्रं काढायला नि फुटबॉल खेळायला लावतात. तेव्हा द्यायचंच असेल तर स्वतः जाऊन वह्या वाटा. असा तो मेसेज आहे.

मी पुण्यात एका वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी शिकवायला जाते, पगार वगैरे घेत नाही, आणि संस्थेचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये कारण मला जाहिरात करायची नाही. पण हा मेसेज वाचून माझ्या ओळखीतल्या लोकांनी खरोखर देणं बंद केलंय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

“सरकार सगळं फुकट देतं”

देतं, आणि दिलंच पाहिजे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि झेडपीच्या, पालिकेच्या शाळांमध्ये जीव ओतून शिकवणारे शिक्षक मी स्वतः पाहिलेत, त्यांच्याविरुद्ध मला एक शब्द बोलायचा नाही. पण पटावर नाव आलं म्हणजे वाचता येतं असं नाही ना. मुलांना खरंच वाचता येतं का, हिशोब येतो का हे तपासणाऱ्या ‘असर’ नावाच्या पाहणीत, 2024 साली, देशाच्या ग्रामीण भागातली या वयोगटातली 98 टक्के मुलं शाळेच्या पटावर होती, आणि त्याच पाहणीत पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत नव्हती. ही पाहणी घरी जाऊन करतात, मुलाला समोर बसवून अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट असं वाचायला देऊन, त्यामुळे कागदावरची हजेरी तिथे कामाला येत नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. आमच्याकडे चौथीतली एक मुलगी यायला लागली. पुस्तक उघडलं की धडा घडाघडा म्हणायची, बोट ओळीखालून सरकतंय, आवाज खणखणीत, ऐकणाऱ्याला वाटावं काय सुंदर वाचते. मी मध्येच थांबवून म्हटलं, या ओळीत ‘पाऊस’ कुठे लिहिलंय ते दाखव बघू. बोट थांबलं ते थांबलंच. सगळा धडा पाठ होता. ‘प’ ओळखायची, पण काना लागला की तेच अक्षर तिला परकं व्हायचं. वडील बांधकामावर, घर साइटप्रमाणे बदलतं, वर्गात बाराखडी झाली तेव्हा ही दुसऱ्याच कुठल्या तरी गावात होती आणि परत आली तोवर वर्ग पुढे गेलेला. कायद्याने मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं असतं आणि ते बरोबरही आहे, नऊ वर्षांच्या पोरीला पहिलीत बसवलं तर ती शाळेतच येणार नाही. पण मग मागे राहिलेलं कुणी भरून काढायचं? त्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं असं त्याच कायद्यात लिहिलंय, आणि त्याच कायद्यात 60 पर्यंत पट असेल तर प्राथमिक शाळेला शिक्षक दोन असंही आहे. दोन माणसं, चार किंवा पाच इयत्ता, वर इलेक्शनच्या ड्युट्या, सर्व्हे, ऑनलाइन माहिती भरणं. त्या एका मुलीजवळ रोज अर्धा तास बसायला वेळ कुणाकडे आहे? संस्था तो अर्धा तास देतात. सरकारऐवजी नाही, सरकारी शाळेतल्याच मुलाला.

आणि 14 व्या वर्षानंतर, म्हणजे नववीपासून पुढे, हा हक्क संपतो. गळतीचं वय नेमकं तेच.

“पैसे सगळे पगारात जातात”

हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो म्हणून यावर जरा सविस्तर.

हो, पगारात जातात. शिकवण्याच्या कामात मुख्य खर्च शिकवणाऱ्या माणसाचाच असणार, दुसरा कशाचा असणार? आपल्या मुलांच्या शाळेच्या फीमधला मोठा हिस्सा पण पगारातच जातो आणि तेव्हा आपल्याला ती लूट वाटत नाही. परदेशी देणग्यांचा कायदा बऱ्यापैकी कडक आहे, 2020 च्या दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली, पण त्याच्या नियमांतसुद्धा शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, कारण ते मूळ कामच आहे. कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्यासाठी द्यायच्या, पैशात कंपनीने स्वतःच्या व्यवस्थापनावर 5 टक्क्यांच्या वर खर्च करायचा नाही असा वेगळा नियम आहे. महाराष्ट्रात ट्रस्ट काढला की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट केलेले हिशोब. म्हणजे विचारणारं कुणी नाही, मोकळं रान आहे, हे चित्र चुकीचं आहे. त्यातूनही लबाडी करणारे करतात, त्यावर शेवटी बोलते.

आता पगार म्हणजे किती, कुणाला, आणि त्यातून काय निघतं याचं एक उदाहरण मुंबईचंच आहे. ‘प्रथम’ ही संस्था 1995 च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांमध्ये बालवाड्यांपासून सुरू झाली. नंतर पालिकेच्या शाळांमध्ये त्यांनी ‘बालसखी’ आणल्या. वस्तीतलीच, माध्यमिक शिक्षण झालेली मुलगी, थोडं प्रशिक्षण, आणि तिसरी-चौथीतली जी मुलं वाचनात, हिशोबात मागे पडलीत त्यांना शाळेच्याच वेळेत रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसायचं, वीसेक मुलांचा गट. मानधन महिन्याला 500 ते 750 रुपये. 2001 नंतरच्या दोन वर्षांत मुंबई आणि बडोद्यात याचा रीतसर अभ्यास झाला, काही वर्गांना बालसखी दिली, काहींना नाही, ती निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी, आणि नंतर दोन्हींच्या परीक्षा घेऊन तुलना केली. बालसखी असलेल्या वर्गातली मुलं स्पष्टपणे पुढे गेली आणि सर्वात जास्त फायदा सर्वात मागे असलेल्यांना झाला. खर्च मुलामागे वर्षाला शंभर रुपयांच्या आसपास. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना 2019 मध्ये मायकल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हेही सांगायला हवं की कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने त्या वाढीतला बराच भाग ओसरला होता, मागच्या मुलांकडे थोडी आघाडी उरली. म्हणजे एक वर्ष करून सोडून देण्यासारखं हे काम नाही, शिकवणारी ताई पुढच्या वर्षीही लागते आणि तिचं मानधन पण पुढच्या वर्षी लागतं. मेसेज लिहिणाऱ्याला जो पैसा वाया गेलेला वाटतो तो हाच.

“त्यांच्या आईबापांनाच शिकवायचं नसतं”

हे वाचून खरंच वाईट वाटलं. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीला कोयते निघतात, नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, ती लग्नात नाहीतर दवाखान्यात संपलेली असते, आणि मग गुढीपाडव्यापर्यंत साखर कारखान्याच्या भागात कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं. मागे आजी असेल तर पोर गावात राहतं, नसेल तर बरोबर जातं. शाळेचं निम्मं वर्ष त्यात गेलं. या आईला तुम्ही विचारा पोरीला शिकवायचं नाही का म्हणून. तिला शिकवायचंय, पोरीला ठेवायचं कुठे हा तिचा प्रश्न आहे. म्हणून तर हंगामी वसतिगृहं निघाली, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, आणि साखरशाळांच्या कामात संस्था पुढे होत्या.

मुळात मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जायचं, ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे कोसबाडला आदिवासी मुलं गुरं चारायला जातात म्हणून कुरणशाळा काढल्या, मुलं जिथे गुरं घेऊन बसतात तिथेच शाळा. मुंबईत 1988 मध्ये सुरू झालेल्या ‘डोअर स्टेप स्कूल’ने पुढे बसमध्येच वर्ग भरवला, बांधकामांच्या साइटवर वर्ग नेले. आईबापांना नकोच असतं तर त्या बसमध्ये पोरं चढली नसती.

आणि भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, त्यांच्या वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. ती पोरं कुणाची होती? शेतकऱ्यांची, मजुरांचीच ना. आज तो मेसेज पुढे पाठवणाऱ्या कितीतरी घरांत आजोबा अशाच कुठल्या तरी बोर्डिंगात शिकलेले असतील.

“चित्रकला आणि फुटबॉल ही चैन आहे”

आपल्या मुलांना आपण तबल्याला घालतो, स्विमिंगला घालतो, मे महिन्यात शिबिराला पाठवतो. ते आपण चैन म्हणून करत नाही, मूल खुलतं म्हणून करतो. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांत वाढणाऱ्या मुलाला त्याची गरज कमी असते असं कसं म्हणायचं?

वस्तीत नवीन वर्ग सुरू केला की पहिले कित्येक दिवस मुलं पुस्तकासाठी येतच नाहीत, खडूसाठी येतात, रंगपेटीसाठी येतात, कॅरमसाठी येतात, मग हळूहळू बसतात. शाळेत सतत ‘तुला येत नाही’ ऐकलेलं पोरगं चित्रात काहीतरी करून दाखवतं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून बोलतं, हे मी अनेकदा बघितलंय. गोष्टीच्या पुस्तकांचंही तसंच. ज्या घरात छापील कागद म्हणजे फक्त शाळेचं पुस्तक आणि लाइट बिल, तिथे वाचायला शिकल्यावर वाचायचं काय? लायब्ररीची एक पेटी, पन्नासेक पातळ पुस्तकं, आणि ती घरी न्यायची परवानगी (फाटलं तरी ओरडायचं नाही, आम्ही चिकटपट्टी ठेवतो). ज्या मुलीचं मी वर लिहिलंय ती ‘पाऊस’ वाचायला शिकली ती धड्यातून नाही, अशाच एका चित्रांच्या पुस्तकातून.

फुटबॉलचं म्हणाल तर नागपूरला विजय बारसे सरांनी 2001 च्या सुमारास झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल खेळायला लावून ‘स्लम सॉकर’ उभं केलं. रोज ठरलेल्या वेळी हजर राहणं, हरणं, पुन्हा येणं, हे पोरं मैदानावरच शिकतात.

“त्यापेक्षा थेट वह्या वाटा”

वाटा, वाईट काहीच नाही. पण जूनमध्ये वस्तीत येऊन बघा, एकेका पोराकडे तीन-तीन मंडळांनी, दोन-दोन नगरसेवकांनी दिलेल्या वह्या असतात, आणि ऑगस्टमध्ये त्या कोऱ्याच असतात कारण लिहिता येत नाही. मघाशी ज्यांचं नाव आलं त्या मायकल क्रेमर यांनी केनियाच्या ग्रामीण शाळांमध्ये नेमकं हेच तपासलं होतं, शाळांना पाठ्यपुस्तकं दिली आणि पाहिलं. सरासरी निकाल काही वाढला नाही, जी मुलं आधीच पुढे होती त्यांचाच तेवढा फायदा झाला, कारण बाकीच्यांना ते पुस्तक वाचताच येत नव्हतं. वही द्यायला एक दिवस पुरतो आणि फोटो छान येतो. खोलीचं भाडं, ट्यूबलाइट, नववीतल्या मुलीचा बसचा पास, ताईचं मानधन, यासाठी देणारा शोधून सापडत नाही.

मेसेजमधलं जे खरं आहे

काही संस्था मुलांचे केविलवाणे फोटो लावून पैसे मागतात, पाहुणे आले की पोरांना तासन् तास उन्हात बसवतात, हिशोब विचारला की उत्तर देत नाहीत. अशांना देऊ नका, मी पण देत नाही. पण त्यासाठी सगळ्यांनाच बंद करायचं कारण नाही, चौकशी करायची. नोंदणी नंबर आणि गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागा, चांगली संस्था लगेच पाठवते. 80जी ची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी, पावती मिळेल का विचारा, मात्र ती सवलत सध्या जुन्या करप्रणालीतच आहे हे लक्षात ठेवा. किती मुलांना दप्तरं दिली हे विचारू नका, वर्षाच्या सुरुवातीला किती मुलांना वाचता येत होतं आणि शेवटी किती, हे विचारा. ताईंना मानधन किती आणि वेळेवर मिळतं का तेही विचारा. आणि बघायला जायचं असेल तर कार्यक्रमाच्या दिवशी नको, कुठल्याही साध्या मंगळवारी संध्याकाळी जा, मागे सतरंजीवर बसा, आणि कुणाकडूनही एक पान वाचून घ्या.