आगीत पाठवायचं असेल तर आधी कायम करा

आज मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याच्या हातात पेपर होता. अग्निशमन विभागातल्या भरतीची बातमी होती. त्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाले, "मजा आहे या पोरांची. आगी काय रोज लागतात? बसून पगार, आणि वर आयुष्यभर पेन्शन." दोघं-तिघं हसले. मला काही बोलायचं होतं, तेवढ्यात घंटा झाली. फळ्यावर लिहिताना, घरी येताना, भाजी निवडताना डोक्यात तेच चालू होतं. आता इथे लिहिते. लांबेल, पण आपल्या लोकांनी वाचावं असं वाटतं.

पेन्शन? कुठली पेन्शन?

मी २००२ ला नोकरीला लागले, म्हणून मला जुनी पेन्शन आहे. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता, माझ्यामागे घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन. बोलणारे सर माझ्या आसपासच लागलेले, त्यांनाही तीच. राज्यात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर जो लागला, त्याला हे नाही. महापालिकांच्या तारखा वेगवेगळ्या, मुंबईत ५ मे २००८. म्हणजे आज शिडीवर चढणारे, होज म्हणजे पाण्याचा जाड पाइप ओढणारे, धुरात शिरणारे जे तरुण दिसतात, त्यांतल्या बहुतेकांच्या नशिबी ती 'आयुष्यभर पेन्शन' नाहीच. त्यांच्या पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारने चौदा घालायचे, पैसा बाजारात गुंतवायचा, आणि निवृत्तीला जे जमेल त्यातल्या किमान चाळीस टक्क्यांचं वर्षासन, म्हणजे पुढे दरमहा पैसे देणारी योजना, विकत घ्यायचं. दरमहा किती येतील हे आज कोणीच सांगू शकत नाही. स्वतःची हमीची पेन्शन खिशात ठेवून दुसऱ्याच्या नसलेल्या पेन्शनवर हसायचं, हे मला सहन झालं नाही.

आणि हे सगळं कायम नोकरीत असलेल्यांचं. त्याच्याही खाली एक थर आहे.

आमच्या इमारतीतली ती रात्र तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. तळमजल्यावरच्या मीटररूमला आग लागली आणि सगळा धूर जिन्यातून वर चढला. आई अंथरुणाला खिळलेली. आम्ही दाराच्या फटीला ओली चादर लावून बसलो होतो. दार उघडून जो आत आला तो पंचविशीचा असेल नसेल. "आजी, डोळे मिटा, मी आहे," म्हणाला, आणि स्वतःच्या तोंडावरचा मास्क काढून आईच्या तोंडाला लावला. असं करायचं नसतं, त्यांच्या प्रशिक्षणात ते बसत नाही, हे मला नंतर कळलं. आईला उचलून तो त्या काळ्या धुरातून खाली घेऊन गेला. मी मागून टॉर्च धरून. खाली आल्यावर आईला अॅम्ब्युलन्समध्ये ठेवलं आणि तो फुटपाथवर बसून खोकत राहिला. बराच वेळ. कोणीतरी पाण्याची बाटली दिली, तर आधी त्याने तोंडावर मारून घेतली. मग पुन्हा वर गेला. वरच्या मजल्यावर अजून माणसं होती.

आई बरी होऊन घरी आली तेव्हा म्हणाली, त्या पोराला भेटायचंय. सोसायटीने सत्कार करायचं ठरवलं. मी निरोप घेऊन अग्निशमन केंद्रात गेले. आगीचे फोन घेतात त्या वॉचरूमच्या बाहेर तो भेटला. शाल-श्रीफळाचं सांगितलं, तर जरा संकोचला आणि म्हणाला, "ताई, सत्कार राहू द्या. जमलं तर आमची ऑर्डर पुढे चालू ठेवायला सांगा कोणाला तरी."

ऑर्डर म्हणजे सहा महिन्यांची. तो कंत्राटी होता. सहा महिने संपले की एक दिवसाचा खंड, मग पुन्हा नवी ऑर्डर, आली तर. ठोक मानधन. पायातले गमबूट त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेले, कारण मिळालेले पायात बसत नव्हते.

हे ऐकल्यापासून मला 'सलाम' हा शब्द सहन होत नाही. दर १४ एप्रिलला सलाम. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज पेटलं. पोटात कापूस आणि दारूगोळा, आणि वरून पाणी मारणारे बंबवाले. जहाज फुटलं आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. तेव्हापासून आठवडाभर अग्निशमन सेवा सप्ताह, पुष्पचक्र, भाषणं. करावंच, ते स्मरण असलंच पाहिजे. पण भाषण करणाऱ्याच्या टेबलावरच भरतीची फाइल पडून असते, आणि समोर संचलन करणाऱ्या रांगेत सहा महिन्यांचे ऑर्डरवाले उभे असतात.

काळबादेवी आठवते का? ९ मे २०१५, गोकुळ निवास. आग विझवता विझवता इमारत कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि आणखी तीन अधिकारी त्यात आपण गमावले. दलाचा प्रमुख! ऑफिसात बसून फोनवर सूचना देता आल्या असत्या त्यांना. या खात्यात साहेबसुद्धा आत शिरतो. असं दुसरं कुठलं नागरी खातं आहे, मला सांगा. आणि हिशेबाच्या वहीत हे खातं कुठे बसतं? उद्यान विभाग, परवाना विभाग, अग्निशमन विभाग. एका ओळीत.

मुळात दुखणं इथे आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि अग्निशमन सेवा नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांच्या यादीत गेली. सत्ता गावापर्यंत जावी हा विचार चांगलाच, मी त्याच्या विरोधात नाही. पण पोलीस राज्याचे असतात आणि बंबवाला मात्र नगरपालिकेचा. ज्या नगरपालिकेची घरपट्टी वसूल होत नाही, तिथल्या फायरमनचं काय होणार? आगीला काय कळतं ही 'क' वर्ग नगरपालिका आहे म्हणून? श्रीमंत महापालिकेत परदेशी शिडी येते, तिच्यासमोर नेत्यांचे फोटो होतात, आणि शेजारच्या तालुक्याच्या गावात एक जुना बंब, त्याचा चालकच फायरमन, तोच वर्दी, म्हणजे आगीची खबर, घेणारा, चोवीस तास तोच.

केंद्र सरकारने पैसे दिले नाहीत असं नाही, हेही लिहिते, नाहीतर कोणीतरी खाली येऊन लिहीलच. २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना आली. गाड्या, केंद्रं, प्रशिक्षण, उपकरणं. चांगलं आहे. पण त्यात माणूस कुठे आहे? गाडी नवी आणि तिच्यावरचा पोरगा सहा महिन्यांचा.

आणि पैसा नाही हे तर मी मानणारच नाही. आपल्याकडे २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. इमारत बांधताना अग्निशमन सेवा शुल्क घेतलं जातं. एवढे टॉवर उभे राहिले, ते शुल्क कुठे गेलं? ते फक्त याच खात्यावर, याच माणसांवर खर्च झालं पाहिजे. रस्त्यावरचे पेव्हर ब्लॉक दर दोन वर्षांनी बदलायला पैसा निघतो, तर हाही निघेल.

मला तो खोकला अजून ऐकू येतो. खरंच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचं कामच कर्करोगकारक म्हणून जाहीर केलं. पहिल्या गटात, जिथे तंबाखू आणि अॅस्बेस्टॉस आहेत. म्हणजे आग विझली, माणूस सुखरूप घरी आला, तरी त्याने आत घेतलेला धूर वीस वर्षांनी हिशेब मागू शकतो. तेव्हा तो कोणाकडे जाणार? कंत्राटदाराकडे? तो केव्हाच दुसऱ्या कामात असेल. ज्याची त्या खात्यात सलग नोंदच नाही, त्याचा आजार नोकरीमुळे झाला हे सिद्ध कोण करणार? त्या रात्री तो आमच्या इमारतीत होता याचा एक कागद तरी कुठे असेल का?

नव्या पेन्शनवाल्यांसाठी आता सुधारित योजना आल्या आहेत, मान्य. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि महाराष्ट्राने लगेच ती स्वीकारायचं ठरवलं. पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. ऐकायला बरं वाटतं. पण पंचवीस वर्षं कोणाची भरतात? जो विशीत कंत्राटावर लागला, दहा-बारा वर्षं ऑर्डरी गोळा करत राहिला आणि पस्तिशीला कसाबसा कायम झाला, त्याची अठ्ठावन्नाव्या वर्षी तेवीस होतात. आगीत घालवलेली आधीची सगळी वर्षं कागदावर शून्य. शिवाय राज्याचा निर्णय झाला म्हणजे नगरपालिकेत लागू झाला असंही नाही. त्याचा वेगळा ठराव, वेगळी मंजुरी, 'आर्थिक स्थिती पाहून'.

अठ्ठावन्न. हा आकडाही जरा डोळ्यासमोर आणा. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी खुर्चीवर बसून शिकवू शकेन. पाण्याने भरलेला होज घेऊन सात मजले चढणं, पाठीवर हवेची टाकी, अंगात जाड कोट, हे त्या वयात? सैनिक लवकर निवृत्त होतो कारण शरीर तेवढंच टिकतं, हे आपण मान्य केलं आहे, आणि म्हणूनच नवी पेन्शन योजना आली तेव्हा सैन्यदलं तिच्यातून वगळली. अगदी योग्य केलं. मग हेच शहाणपण इथे का नाही? शेवटची काही वर्षं त्यांना प्रशिक्षणात, इमारतींच्या तपासणीत, शाळांमधल्या प्रात्यक्षिकांत घ्या. आमच्या शाळेत या, आम्हाला हवेत ते. पण पूर्ण पगारावर आणि पूर्ण पेन्शनवर.

मार्च २०२३ चा संप आठवत असेल. 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. मला स्वतःला जुनीच आहे, तरी नव्या शिक्षकांसाठी मीही त्या मोर्चात चालले. आम्ही आठवडाभर शाळा बंद ठेवू शकलो. लोक चिडले, पण सरकारला बोलावं लागलं. अग्निशमन केंद्राचं दार कोणी बंद ठेवू शकतं का? वर्दी आली की गाडी निघालीच पाहिजे. ते ती अडवतही नाहीत, त्यांचं मन होत नाही. आणि जो अडवू शकत नाही त्याचं ऐकायची सरकारला घाई नसते. म्हणून ते बोलत नाहीत तेव्हा आपण बोलायला हवं, ज्यांच्या आयांना त्यांनी खाली आणलं त्यांनी तरी.

इतकं लिहिल्यावर राग जरा उतरलाय. सरांबद्दलही. माणूस वाईट नाही, अडीअडचणीला धावणारे आहेत, त्यांना ठाऊक नसेल. उद्या हीच पोस्ट त्यांना दाखवणार आहे. आपल्यातल्या अनेकांना वाटतं की बंबावर बसलेला प्रत्येक जण सरकारी नोकर आहे आणि त्याचं सगळं नीट चाललंय. गणवेश सगळ्यांचा सारखा दिसतो, त्याला काय करणार.

तो मुलगा आता त्या केंद्रात नाही. पुढची ऑर्डर आली नाही. एका मॉलमध्ये फायर सेफ्टीला लागलाय असं केंद्रातल्या तांडेलांनी, म्हणजे फायरमनच्या वरच्या हुद्द्यावरच्यांनी, सांगितलं. मॉलमध्ये पगार बरा आहे म्हणे. त्याचं भलं होवो, मनापासून वाटतं. पण धुराने भरलेल्या जिन्यातून माणूस कसा खाली आणायचा हे जो शिकला होता, तो आपल्या शहराने घालवला. आई अजून विचारते त्याचं. मी तिला "आहे, कामावर आहे" एवढंच सांगते.

आता कामाचं. मी एक पत्र लिहायला घेतलंय, आमच्या आमदारांना आणि नगरविकास खात्याला. मागण्या फार नाहीत. आगीत ज्याला पाठवता तो कायम असला पाहिजे, कंत्राटी नको. कंत्राटात गेलेली वर्षं सेवेत धरा. पेन्शनची हमी राज्याने घ्यावी, नगरपालिकेच्या तिजोरीवर ती सोडू नये. दरवर्षी फुप्फुसांची तपासणी करा, निवृत्तीनंतरसुद्धा, आणि तिची नोंद ठेवा. अग्निशमन शुल्काचा हिशेब दरवर्षी जाहीर करा. मसुदा रात्री पहिल्या कमेंटमध्ये टाकते. कायद्याची भाषा मला जमत नाही, आपल्यातल्या वकील मंडळींनी तो तपासून द्यावा. ज्यांना सही करायची आहे त्यांनी नाव आणि गाव लिहा. दुसऱ्या शहरांतल्यांनी आपल्या आमदारांचं नाव घालून तेच पत्र पाठवलं तरी चालेल. आणि कोणाच्या घरात या खात्यातलं माणूस असेल, तर माझं काही राहिलं असल्यास मेसेज करा, तुमचं नाव कुठेही येणार नाही.