‘सगळं ठीक होईल’ असं ती म्हणालीच नव्हती

सकाळी एका ग्रुपवर सूर्योदयाचा फोटो आला. खाली ‘ऑल शॅल बी वेल’ आणि नाव, ज्युलियन ऑफ नॉर्विच. त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. तिथे वाद घातला असता तर मला काढूनच टाकलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

चौदाव्या शतकातल्या या ख्रिस्ती बाईचं खरं नाव आपल्याला माहीत नाही. इंग्लंडमधल्या नॉर्विचमध्ये सेंट ज्युलियनचं चर्च आहे, त्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत ती राहायची. बहुधा त्यावरूनच नाव पडलं. राहायची म्हणजे प्रार्थनेसाठी स्वतःला कोंडून घेऊन, मरेपर्यंत. अशा बाईला आत घेताना मेलेल्या माणसासाठीच्या प्रार्थना म्हणत. एक खिडकी चर्चमध्ये उघडायची, एक बाहेर, सल्ला विचारायला येणाऱ्यांसाठी. अशा स्त्रियांसाठीच्या, तिच्याही आधीच्या तेराव्या शतकातल्या एका नियमग्रंथात लिहिलंय की जनावर पाळायचं नाही, मांजर तेवढी चालेल. (मला हा नियम फार आवडतो.)

१३७३ च्या मे महिन्यात, साडेतीस वर्षांची असताना, ती मरणाच्या दारात होती. धर्मगुरूने डोळ्यांसमोर क्रूस धरला आणि तिला एकूण सोळा दर्शनं झाली. बाई वाचली. आधी तिने ते थोडक्यात लिहिलं, आणि मग त्याच दर्शनांवर वीसेक वर्षं डोकं खपवून कितीतरी मोठं. इंग्रजीत एखाद्या बाईने लिहिलेलं, आज हातात असलेलं हे सगळ्यात जुनं पुस्तक.

आता ते वाक्य. मुळात ते तिचं नाहीच, दर्शनात येशू तिला ते सांगतो. कारण ती विचारत होती की देवाला सगळं आधीच ठाऊक होतं, तर त्याने पाप सुरूच का होऊ दिलं? उत्तर आलं, ‘सगळं ठीक होईल.’ आणि बाईचं समाधान झालं नाही! पापाने एवढं नुकसान झालंय, मग ठीक कसं होईल, असं तिने उलट विचारलं. पुढे तर चर्चच्या शिकवणीवरच बोट ठेवलं: काही जण नरकात जाणार असं सांगता, मग सगळं कसं ठीक? यावर एवढंच कळतं की तुला अशक्य ते मला अशक्य नाही. कसं, ते देव सांगत नाही. ती सहा-सात वर्षांची असताना याच शहरात प्लेगने माणसं पटापट मेली होती, हेही लक्षात ठेवा.

दुसरी गंमत अशी की ती येशूला आई म्हणते. आपल्याला ‘माउली’, ‘विठाई’ अंगवळणी पडलेली, म्हणून आपण लगेच म्हणतो, बघा, सगळे संत एकच सांगतात. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सनेही १९०२ मध्ये जगभरच्या मिस्टिकांचा, म्हणजे देवाचा थेट अनुभव आल्याचं सांगणाऱ्यांचा, सूर एक असल्याचं लिहिलं होतं. १९७८ मध्ये स्टीव्हन कॅट्झ या अभ्यासकाने ते खोडून काढलं: ज्याची जशी परंपरा तसा त्याचा अनुभवच घडतो. मी कॅट्झच्या बाजूचा. आपला विठ्ठल लेकुरवाळा, खांद्यावर पोर, कडेवर पोर. ज्युलियनचा येशू क्रूसावर कळा देतोय. त्याचं मरण हेच बाळंतपण, आणि नंतर तो लेकरांना स्वतःलाच भरवतो, म्हणजे मिस्सामधली (चर्चमधल्या उपासनेतली) ती भाकर, येशूचं शरीर मानून खातात ती. दोघींनाही आई म्हणा, पण घरं वेगळी आहेत हो.

१४१३ च्या सुमारास मार्जरी केम्प नावाची बाई या खिडकीशी आली. चौदा लेकरांची आई, देवाच्या नावाने भर चर्चमध्ये मोठ्याने रडणारी, लोकांना नकोशी झालेली. तिला विचारायचं होतं की मला जे दिसतं, ऐकू येतं, ते खरं की भास? ज्युलियनने तिला हाकललं नाही. त्यातून देवाचा मान राहत असेल आणि इतरांचं भलं होत असेल तर विश्वास ठेव, म्हणाली. मग दोघी त्या खिडकीशी कितीतरी दिवस बोलत राहिल्या.