टफन घेताना आकडे नको, स्क्रीन बघा

मोबाईलच्या दुकानात टफन, म्हणजे स्क्रीनवर चिकटवायची संरक्षक काच, बसवायला गेलं की काउंटरवर पाकिटं मांडली जातात. ९एच, ११डी, २१डी, सुपर डी, ओजी. आकडा मोठा तशी किंमत मोठी. माझं स्पष्ट मत आहे की या आकड्यांकडे बघूच नये. ती काच तुमच्या फोनला चालेल की नाही, हे त्यातल्या एकाही आकड्यावरून कळत नाही.

आधी ९एच बद्दल. हा आकडा पेन्सिलच्या चाचणीतून आलाय. रंग किंवा कोटिंगचा थर तपासायला ७५० ग्रॅम वजनाखाली, ४५ अंशात पेन्सिल फिरवतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघतात. ९एच ही त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल. पण पेन्सिलीने काचेवर चरा उठतच नाही! खिडकीची साधी काचही या चाचणीत पास होईल. खनिजांचा कडकपणा मोजायची मोह्‌स पट्टी वेगळी. तिच्यावर काच साधारण साडेपाच ते साडेसहाच्या आसपास येते आणि वाळूतलं क्वार्ट्‌झ ७ वर. म्हणून खिशातल्या किल्लीने सहसा काही होत नाही, पण समुद्रकिनाऱ्यावरून किंवा बांधकामावरून आलेला वाळूचा एक कण खिशात असला की चरा उठतो. टफनचं खरं काम इथे आहे: तो चरा आपल्या अंगावर घेणं.

‘डी’चंही तसंच. २.५डी म्हणजे काचेची कड घासून गोल केलेली, एवढा अर्थ खरा आहे. त्यापुढच्या ११ आणि २१ ला कुठलंही मानक नाही.

मग दुकानदाराला विचारायचं काय? पहिला प्रश्न गोंदाचा. गोंद पूर्ण काचेवर आहे की फक्त कडेला? कडेला गोंद असलेल्या काचेखाली मधे हवेचा पातळ थर राहतो. टच मंदावतो, स्क्रीन जरा फिकी दिसते, आणि स्क्रीनखालचं फिंगरप्रिंट अडतं. पूर्ण गोंदाची काच मधे बोटाने दाबली की गोंद स्वतःहून कडेपर्यंत पसरत जातो, ते डोळ्यांना दिसतं.

दुसरं म्हणजे काचेचा आकार. ‘एज टू एज’ काच सगळ्यांना हवी असते, पण सपाट म्हणवणाऱ्या बऱ्याच फोनची काचही कडेला किंचित उतरती असते. तिथे टफन चिकटत नाही, पांढरी रेघ दिसते आणि तिच्यात धूळ भरते. शिवाय कव्हरची कड खालून रेटा देते आणि टफन एका कोपऱ्यातून उचलला जातो. कडेपासून जेमतेम एक मिलीमीटर आत थांबणारी काच दिसायला थोडी उणी वाटेल, पण टिकते तीच. जाडी ०.३३ मिलीमीटर पुरे.

‘टफन फुटला म्हणून स्क्रीन वाचली’ हे वाक्य मला नेहमी खटकतं. फोनची मूळ काच, गोरिला ग्लाससारखी, वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवून मजबूत केलेली असते: काचेतले सोडियमचे अणू बाहेर पडतात, त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे अणू घुसतात आणि पृष्ठभाग दाबाखाली येतो. टफन तिच्यापेक्षा पातळ आणि बहुतेक वेळा हलक्या काचेचा. ज्या आदळण्याने तो तडकतो, त्याने मूळ काचेला बहुतेकदा काही झालंही नसतं. टोकदार वस्तूचा मार तो नक्की घेतो. पण फोन कोपऱ्यावर पडला तर कामाला येतं ते कव्हर, ज्याची कड स्क्रीनच्या वर उचललेली असते. बजेट कमी असेल तर पैसे आधी कव्हरवर घाला.

वळलेल्या स्क्रीनचा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर. तिथे दुकानात यूव्ही टफन सुचवतात: स्क्रीनवर पातळ गोंद ओतायचा, काच ठेवायची आणि यूव्ही म्हणजे अतिनील दिव्याखाली गोंद कडक करायचा. दिसतं सुंदर. पण गोंद कानाच्या स्पीकरच्या जाळीत किंवा बटणांच्या फटीत उतरला की तिथेच कडक होतो. आवाज बसतो, बटण अडकतं. म्हणून वळलेल्या स्क्रीनला मी टीपीयू किंवा हायड्रोजेलची, म्हणजे मऊ लवचिक प्लॅस्टिकची, फिल्मच सुचवेन. ती मशीनवर मॉडेलप्रमाणे कापून मिळते, वळणावर नीट बसते आणि बारीक ओरखडे काही काळाने भरून येतात. बसवल्यावर राहिलेले छोटे बबल एक-दोन दिवसांत जातात. आदळण्यापासून मात्र ती जवळजवळ काहीच वाचवत नाही. यूव्हीच हवा असेल तर स्पीकर आणि बटणांवर आधी टेप लावायला सांगा.

फिंगरप्रिंट अल्ट्रासोनिक असेल, म्हणजे ध्वनिलहरींवर चालणारं, तर मधली हवा त्याला चालत नाही. २०१९ मध्ये सॅमसंगच्या एस१० वर उलटाच प्रकार झाला: स्क्रीन झाकणाऱ्या काही सिलिकॉन कव्हरवरची नक्षीच सेन्सरने ठसा म्हणून धरली आणि कोणाच्याही बोटाने फोन उघडू लागला. कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्ती काढावी लागली. तेव्हा टफन बदलला की जुने ठसे काढून नवे नोंदवा, आणि सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी असेल तर ती चालू करा.

प्रायव्हसी काच लोकलमध्ये शेजाऱ्याची नजर अडवते हे खरं, पण तिच्यातल्या बारीक उभ्या पट्ट्या उजेडही खातात. मग ब्राइटनेस वाढवावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. मॅट काच गेम खेळणाऱ्यांना आवडते, बोट छान सरकतं. अक्षरं मात्र थोडी दाणेदार दिसतात. आणि गॅलॅक्सी एस२४ अल्ट्रासारखा फोन असेल, ज्याची मूळ काचच उन्हातलं प्रतिबिंब कमी करते, तर त्यावर साधा टफन लावून तो फायदा घालवू नका.

फोल्डिंग फोनच्या आतल्या स्क्रीनवर कारखान्यातून येणारी फिल्म हा स्क्रीनचाच भाग आहे. ती कधीही सोलू नये.

घरी बसवताना शत्रू एकच, धूळ. पंखा बंद करा. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर बाथरूममधली हवा दमट असते, धूळ खाली बसलेली असते, ती जागा उत्तम. कव्हर काढा, ओला वाइप, मग कोरडा, मग धूळ उचलणारा स्टिकर. काच आधी कोरडीच ठेवून जागा जुळवा आणि एका लांब कडेला दोन ठिकाणी टेप लावा, दाराच्या बिजागरीसारखी. आता काच उघडा, खालची फिल्म सोला, आणि काच हळूच स्क्रीनवर सोडून द्या. खाली कण अडकलाच तर त्या बाजूची काच नखाने हलकी उचला, टेपच्या चिकट बाजूने कण टिपा, परत ठेवा. जुना टफन काढायला प्लॅस्टिकचं जुनं कार्ड कोपऱ्यातून सरकवा. ब्लेड किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका. कडेचा टवका उडाला असेल तर त्याच दिवशी बदला, कारण तडा तिथूनच धावतो आणि काचेची बारीक कुसं बोटात जातात.