‘तटस्थ’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

बायाफ्रा म्हणजे १९६७ साली नायजेरियातून फुटून निघालेला, इग्बो लोकांचा पूर्वेकडचा मुलूख. १९७० पर्यंत चाललेल्या तिथल्या युद्धात उपाशी लोकांना चर्चच्या संस्थांनी विमानानं अन्न पोचवलं, त्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘तटस्थ’ या नावानं आलेल्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हायचं, असं परवा ठरवलं होतं. दोन रात्री गेल्या, जमलं नाही. म्हणून हे लांबण लावतोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी ‘तटस्थ’ यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लेख म्हणजे मिशनऱ्यांची आरती आहे. एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात बायबल, हा त्यांचा धंदा लेखक सोयीस्करपणे विसरतो. अन्नाची विमानं उतरत त्याच धावपट्टीवर शस्त्रंही उतरत होती, चर्चच्या पैशातून बंडखोरांना परकीय चलन मिळत होतं, त्यामुळे लढाई लांबली, यावर लेखक गप्प आहे. रेडक्रॉसचं विमान १९६८ साली नव्हे, १९६९ साली पाडलं गेलं. आणि शेवटी, ‘ज्यांनी आफ्रिका नकाशापलीकडे पाहिलेली नाही त्यांनी घरी पंख्याखाली बसून असे लेख पाडू नयेत.’

चूक आधी मान्य करतो. विमान ५ जून १९६९ रोजीच पाडलं गेलं. टंकताना आठाचा नऊ करायचा राहिला. आपण बारकाईनं वाचलंत, आभारी आहे.

आता पंखा.

सप्टेंबर १९८१ मध्ये मी त्याच मुलखातल्या ओवेरी गावाजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवायला गेलो. तेलाच्या पैशावर नायजेरिया तेव्हा भारतातून मास्तर नेत होता आणि आमच्या बी.एड.च्या वर्गातले तिघे एकाच वर्षी गेले. मी तीन वर्षं राहिलो. खोलीत पंखा होता, वीज असेल तेव्हा फिरायचा. तेव्हा ‘नकाशापलीकडे’ वगैरे भाषा वापरण्याआधी समोरच्याला विचारायची एक पद्धत असते. ‘आपण तिकडे गेला होता का?’ एवढे पाच शब्द. ते लिहायला बायबलही लागत नाही आणि भाकरीही.

ती शाळा मूळची आयरिश कॅथलिक मिशनची. युद्ध संपल्यावर १९७० साली त्या भागातल्या सगळ्या मिशनशाळा सरकारनं ताब्यात घेतल्या, त्यातली ही एक. चर्च तसंच आवारात उभं होतं, फादर मात्र गेले होते. बंडखोरांच्या मुलखात बेकायदा शिरल्याबद्दल त्यांच्यापैकी कित्येकांवर पोर्ट हार्कोर्टला खटले चालले आणि त्यांना देशाबाहेर काढलं. धंदाच होता म्हणता ना? मग ज्या धंद्यात शाळा जातात, दवाखाने जातात आणि वर हद्दपारी पदरात पडते, तो कोणता धंदा, ते एकदा आम्हा अडाण्यांना समजावून सांगा.

शाळेत एक कारकून होता. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. सुट्टीच्या दिवशी तो मला बाजारात न्यायचा, कारण मला एकट्याला पाहिलं की भाव दुप्पट व्हायचे. तिथे एका ओळीत वाळवलेल्या कॉड माशाच्या राशी लागलेल्या असत. नॉर्वेचा मासा, त्यांच्याकडे त्याला ओकपोरोको म्हणतात. आपला सुका बोंबील त्याच्यापुढे लोणी. हा लाकडासारखा टणक, विकणारी बाई तो चक्क करवतीनं कापायची आणि खाली पडलेला भुसाही कागदात बांधून वेगळा विकायची. वास असा, की मी कोकणातला असूनही नाकाला रुमाल लावला. कारकून हसला आणि म्हणाला, मास्तर, याला नाक मुरडू नका, मी यावर जगलोय.

१९६८ साली तो नऊ वर्षांचा होता. केस तांबूस झाले होते, पाय सुजले होते. क्वाशिओरकोर, म्हणजे प्रथिनं न मिळाल्यानं होणारं कुपोषण, हा शब्द आपण पुस्तकात वाचतो, तो त्यानं आपल्या पायावर बोट दाबून दाखवला. ‘इथे खड्डा पडायचा, तो भरून यायचा नाही.’ मिशनच्या केंद्रावर सिस्टर रांगेतून फिरत, पोरांचे केस आणि पाय बघत आणि जे जास्त खालावलेले त्यांना पुढे काढत. दुधाची पावडर आणि या माशाचा भुगा घातलेली लापशी मिळे. रात्री अंधारात पडून ती पोरं विमानं मोजत. समुद्रातल्या साओ टोमे बेटावरून निघालेली विमानं बायाफ्रातल्या उली गावाला उतरत. उलीचा विमानतळ म्हणजे रुंद केलेला हमरस्ता, त्याचे दिवे उतरण्यापुरते काही सेकंद लागत आणि विझत, कारण वर बॉम्बफेकी विमान घिरट्या घालत असे. आवाज कमी आले की उद्या लापशी पातळ, हा हिशोब पोरांना पाठ होता.

मी त्याला विचारलं होतं, तुमच्याच प्रश्नासारखं, की तुला त्यांनी त्या वेळी बाप्तिस्मा दिला का? तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. त्याच्या आजोबांनीच बाप्तिस्मा घेतलेला होता. त्याच भागातल्या ओनित्शा शहरात अँग्लिकन मिशन आलं १८५७ साली, कॅथलिक आलं १८८५ साली. युद्ध सुरू झालं तेव्हा इग्बो समाज बहुतांशी ख्रिस्ती होऊनच बसला होता. भाकरी दाखवून बाटवायला तिथे उरलं होतं कोण? एवढी साधी गोष्ट तपासली असती तर आपलं ते भाकरी-बायबलचं वाक्य लिहायची वेळच आली नसती. आणि हो, ही विमानं चालवणाऱ्या चर्च-संस्थांच्या ‘जॉइंट चर्च एड’ या संघटनेत अमेरिकेतली ज्यू संस्थाही होती. तीही येशूच्या प्रचाराला आली होती, असं म्हणायचंय का?

हे ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान असंही नव्हतं, कारण पलीकडच्या बाजूचे, म्हणजे नायजेरिया सरकारचे, प्रमुख जनरल गोवॉन स्वतः ख्रिस्ती, धर्मप्रचारकाचा मुलगा. पण मला वाटतं आपला रोख बायाफ्रावर नाहीच. रोख इकडच्याच कुठल्यातरी भांडणावर आहे आणि बिचारं बायाफ्रा मध्ये सापडलंय. तसं असेल तर उघड म्हणा, आडून कशाला?

माझ्यावर ‘आरती’चा आरोप होतोय म्हणून सांगतो. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती येतो, मी स्वतः पूजा सांगतो. आरती कशाला म्हणतात, ते मला ठाऊक आहे. बाहत्तरच्या दुष्काळात माझ्या मावशीच्या गावी, देशावर, एक पाद्रीबाबा दूध पावडर वाटायचे. मावशी रोज भांडं घेऊन जायची. तिनं आयुष्यात एकही एकादशी चुकवली नाही. तिच्या तोंडून त्या माणसाबद्दल वावगा शब्द मी ऐकला नाही, आणि कुणी काढला तर ती त्याला उंबऱ्याच्या आत घेत नसे. मला हे संस्कार तिथून आलेत.

राहिला शस्त्रांचा आणि परकीय चलनाचा मुद्दा. धावपट्टी एकच होती, रात्र एकच होती, हे मी नाकारलेलं नाही. लेखाचा विषय तो नव्हता इतकंच. कारकुनाचा मामा सैन्यात होता आणि त्यालाही हाच मासा मिळायचा, हे मला त्या कारकुनानंच सांगितलं, पण ते असो. सुरुवातीच्या महिन्यांत एकाच कंत्राटदाराची विमानं दोन्ही माल नेत, तेव्हा चर्चच्या लोकांनी पुढे आपली वेगळी विमानं उभी केली. लढाई त्यामुळे लांबली की नाही, हा तज्ज्ञांचा वाद आहे, त्यांनी खुशाल घालावा. पाच हजारांहून अधिक फेऱ्या आणि सुमारे ६० हजार टन माल, त्यातली एक वाटी ज्याच्या पोटात गेली त्याच्याशी मी तीन वर्षं बोललोय. तुम्ही कुणाशी बोललात?

पोर्तुगालचं म्हणाल तर साओ टोमे त्यांचं होतं आणि त्यांनी ते वापरू दिलं, ते काही दयेपोटी नाही. १९६१ साली ज्यांना गोव्यातून घालवावं लागलं त्यांच्या दयाबुद्धीबद्दल मराठी वाचकाला शिकवायची गरज नाही. हा मुद्दा आपण मांडला नव्हता, मीच आपल्या वतीनं मांडला. बघा, इतका काही मी एकांगी नाही.

यापुढे प्रतिक्रिया लिहिताना खरं नाव लिहिलंत तर बरं. टोपणनाव घेऊन पंखे मोजणं सोपं असतं. आणि ‘तटस्थ’ हे नाव तर आपल्याला मुळीच शोभत नाही, हे स्पष्टच सांगतो, राग मानू नये.

लेखातला रेडक्रॉसच्या विमानाचा सन आज सकाळी दुरुस्त केला आहे. बाकी लेख होता तसाच आहे.