आजारी पडण्याआधी बेड बघून घ्या

आजारी पडायचंय ना, खुशाल पडा, पण त्याआधी हॉस्पिटलात बेड रिकामा आहे का तेवढं विचारून घ्या. आपण भाबडे, आपल्याला वाटतं डॉक्टर तपासतात, विचार करतात आणि मग ॲडमिट करायचं की नाही ते ठरवतात. छे हो, ठरवतो तो बेड! मिल्टन रोमर नावाच्या संशोधकाने 1960 च्या आसपासच सांगून ठेवलंय की विम्याचा पैसा असला की बांधलेला बेड भरतोच. पुढे 1989 मध्ये बॉस्टन आणि न्यू हेवन या अमेरिकेतल्या दोन शहरांची तुलना छापून आली, दोन्हीकडे नावाजलेली मेडिकल कॉलेजं, पण बॉस्टनमध्ये बेड जास्त म्हणून ॲडमिशनही जास्त, आणि मरणाऱ्यांचं प्रमाण? जवळपास सारखंच. म्हणजे तब्येतीला फरक पडला नाही, बेडला पडला.

आता नियम नाहीत असं नाही हां. न्यूमोनियासाठी कर्ब-65 नावाचा स्कोअर आहे: पेशंट गोंधळलाय का, रक्तात युरिया वाढलाय का, श्वास मिनिटाला 30 किंवा जास्त आहे का, बीपी उतरलंय का आणि वय 65 किंवा पुढे आहे का, प्रत्येकी एक पॉइंट. शून्य-एक आला तर बहुतेकांना घरी जाता येतं, दोन आले तर ॲडमिट करायचा विचार करा. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा, स्पेशल रूम रिकामी असेल तर एक पॉइंटवालाही "ऑब्झर्वेशनला राहू दे" होतो आणि वॉर्ड फुल्ल असेल तर दोनवाल्याला "घरीच बरं वाटेल हो". विमा असेल तर अजून सोपं, बऱ्याच पॉलिसीत 24 तास ॲडमिट राहायची अट असते, तेव्हा तेविसाव्या तासाला ठणठणीत वाटलं तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

आजी असेल तर तिला काही विचारायच्या भानगडीत पडू नका. वॉर्डात बेडची गरज पडली की ती अचानक "फिट फॉर डिस्चार्ज" होते, मग तिच्याच पायाशी उभं राहून मुलं, सून, डॉक्टर, सोशल वर्कर सगळे मिळून ठरवतात की आता वृद्धांचं नर्सिंग होमच बरं, आणि ती आपली उशीखाली चष्मा चाचपत असते. तिने घरी जायचंय, घरी जायचंय असं चारदा म्हटलं तर घाबरू नका, फाईलमध्ये "गोंधळलेली" असं लिहून घ्या. तेवढाच कर्बचा एक पॉइंट वाढला.