'नाकावर बुलडॉग चिकटवलेली व्होल्वो' : एका प्रतिक्रियेला उत्तर

बोनेटच्या टोकावर बुलडॉगची मूर्ती मिरवणाऱ्या मॅक या अमेरिकन ट्रकचा इतिहास आणि तो पाळणाऱ्या मालकांचे अनुभव यावर मी लिहिलेल्या लेखावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. उत्तर कशाला देते आहे ते कळावं म्हणून तिचा गाभा आधी देते. ते लिहितात : "ताई, लेख वाचायला गोड आहे, पण सगळं कंपनीच्या माहितीपत्रकातलं. आजचा मॅक म्हणजे नाकावर बुलडॉग चिकटवलेली व्होल्वो, बाकी काही नाही. कामगारांबद्दल जेमतेम एक ओळ. नव्या गाड्यांच्या धुराच्या यंत्रणेने मालक रडकुंडीला आलेत, ते सोयीस्करपणे गाळलंत. ज्याने ट्रकचा हप्ता कधी भरला नाही त्याने मालकांचे अनुभव सांगू नयेत. तुम्ही पाककृती लिहा, त्या छान असतात."

शेवटच्या वाक्याचं आधी बोलू. ते मी दोन दिवस बाजूला ठेवून पाहिलं, राग गेला नाही. माझ्या लेखात चूक असेल तर ती दाखवा, मी वाचेन. पण ट्रकवर लिहिलेल्या लेखाला पाककृतीचा सल्ला देणं हा मुद्दा नाही, आणि पुरुषाने लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही हे वाक्य टाकलं नसतं हे तुम्हालाही ठाऊक आहे. 'ताई' म्हणून सुरुवात केली की पुढे काहीही बोलायला मोकळीक मिळते, असा समज असेल तर तो सोडा.

हप्त्याचं म्हणाल, तर माझं बालपण कराडला ट्रकच्या हप्त्यावरच गेलं. वडिलांची टाटा-मर्सिडीज होती. महिना भरत आला की घरात भाजीसुद्धा विचारून आणली जायची. कमानपाटा तुटला की दिवाळी पुढे गेली, टायर बसला की शाळेची फी थांबली. डिझेल, टोल, क्लीनरचा पगार, पासिंगचा खर्च हे सगळं वहीत मी उतरवायची, कारण वडिलांचं अक्षर त्यांनाच लागत नसे. लग्नानंतर पेनसिल्व्हेनियात आले आणि बरीच वर्षं एका काँक्रीट पुरवणाऱ्या कंपनीच्या यार्डात देखभालीचं काम पाहिलं : कुठला मिक्सर कधी उभा करायचा, कुठला पार्ट कुठून मागवायचा, कुठल्या ड्रायव्हरची तक्रार खरी आणि कुठली सुट्टीसाठी. आमचं यार्ड अ‍ॅलनटाउनपासून जवळ. तिथल्या जुन्या माणसांपैकी अर्ध्यांचे बाप-काके मॅकच्या कारखान्यात होते. मालकांचे अनुभव मी त्यांच्या तोंडून ऐकले आणि त्यांच्या बिलांवर वाचले. माहितीपत्रकात बिलं नसतात.

आता तुमचं ते एक वाक्य. 'नाकावर बुलडॉग चिकटवलेली व्होल्वो.' ते मला इतकं लागलं कारण ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं वाक्य लोक पूर्ण खरं समजून पुढे पाठवतात.

खरं काय आहे ते मीच सांगते. 2001 मध्ये स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने मॅक विकत घेतली. आज मॅकमध्ये येणारी एमपी 7 आणि एमपी 8 ही इंजिनं व्होल्वोच्या 11 आणि 13 लिटर इंजिनांची भावंडं आहेत. एमड्राइव्ह गिअरबॉक्स व्होल्वोच्या आय-शिफ्टवरून आला. 2009 मध्ये मुख्यालय अ‍ॅलनटाउन सोडून नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोला गेलं, आणि त्याचं दुःख आमच्या भागात अजून आहे. यातलं काहीही मी लपवलेलं नाही, लेखात आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत का, हा प्रश्न मला पडतो.

पण तुमच्या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे : पूर्वी कधीतरी एक अस्सल, शुद्ध मॅक होता आणि स्वीडिश लोकांनी तो बाटवला. असा मॅक कधी नव्हताच.

जॅक आणि गस मॅक या भावांनी 1900 मध्ये ब्रुकलिनमध्ये पहिली बस बांधली, पाच वर्षांनी बिऱ्हाड अ‍ॅलनटाउनला हलवलं. 1911 मध्ये, म्हणजे बुलडॉग जन्मण्याच्याही आधी, मॅकची मोट सॉरर या स्विस परवान्यावर ट्रक बनवणाऱ्या कंपनीशी बांधली गेली. पुढच्या वर्षी ह्यूइट ही ट्रक कंपनी त्यात आली. ज्या एसी मॉडेलने मॅकचं नाव केलं, त्याचा आराखडा ह्यूइटकडून आलेल्या अभियंत्यांचा, म्हणजे बाहेरून आलेल्या माणसांचा. 1916 मध्ये तो ट्रक आला. रेडिएटर इंजिनाच्या मागे, बोनेट पुढे उतरतं, मागच्या चाकांना साखळी. हे उतरतं बोनेटसुद्धा तेव्हाच्या रेनॉ या फ्रेंच गाड्यांच्या धाटणीचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात ब्रिटिश सैनिकांनी ते चपटं नाक आणि ती चिवट चाल पाहून त्याला बुलडॉग म्हटलं. नाव दिलं चालवणाऱ्यांनी, कंपनीने ते उचललं. तुम्ही ज्याला चिकटवलेलं म्हणता तो कुत्रा कंपनीच्या जाहिरात खात्यातून निघालेला नाही.

पुढे पाहा. 1936 ते 1938 या काळात 'मॅक ज्युनिअर' नावाचे हलके ट्रक विकले गेले, ते बनवत होती रिओ कंपनी. साठच्या दशकात मॅकने स्कॅनिया-वाबिसचं डिझेल इंजिन आणून आपल्या नावाखाली ट्रकांत घातलं. म्हणजे मॅकच्या बोनेटखाली स्वीडिश इंजिन व्होल्वो येण्याच्या सुमारे चाळीस वर्षं आधीच धडधडत होतं. 1979 मध्ये रेनॉने भागभांडवल घेतलं, त्यांचे मध्यम ट्रक मिड-लाइनर म्हणून मॅकच्या दुकानांत उभे राहिले, आणि 1990 मध्ये सगळी कंपनीच रेनॉची झाली. तुमच्या हिशेबाने खरा मॅक कुठल्या सालापर्यंत होता? हे तुम्ही सांगितलेलं नाही.

आणि सोनेरी बुलडॉगचं काय? मॅक पाळणाऱ्या कुणालाही विचारा. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे अ‍ॅक्सल तिन्ही मॅकचे असतील तर नाकावरचा कुत्रा सोनेरी. यातलं काही बाहेरून आणलेलं असेल तर क्रोमचा. आमच्या यार्डातल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला क्रोमच्या कुत्र्याचा ट्रक दिला की तो दिवसभर कुणाशी बोलत नसे. पण क्रोमचा कुत्रा होता याचाच अर्थ गिऱ्हाईक मागेल तसं कमिन्स, डेट्रॉइट, कॅटरपिलरचं इंजिन मॅकच्या चौकटीत बसत होतं, आणि कंपनी ते उघड सांगत होती. ही भेसळ नव्हे. मालकाला हवं ते देऊन वर त्याला काय दिलं हे नाकावर लिहून ठेवणं, हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

मॅक स्वतःचं काय करू शकत होती हेही सांगायला हवं, नाहीतर माझाच मुद्दा लंगडा पडेल. बी-61 हे मॅकचं जुनं मॉडेल चालवणारे जुने लोक दोन-दोन गिअर दांड्यांची गोष्ट सांगतात. ट्रिप्लेक्स या गिअरबॉक्सला पंधरा गिअर. दोन्ही दांड्या एकदम हलवायच्या तर एक हात स्टिअरिंगच्या चाकातून आत घालायचा. चढावर असं करणारा माणूस आणि त्याचा खांदा यांची मी कल्पनाच करू शकते. मग साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मॅक्सिडाइन इंजिन आलं. 237 अश्वशक्ती, आणि जवळजवळ सगळी ताकद मिनिटाला 1200 पासून 2100 फेऱ्यांपर्यंत टिकून. त्यामुळे जिथे बाकीच्यांना दहा-तेरा गिअर लागत तिथे पाच गिअरांत भागू लागलं. आमच्याकडे एक जुना आर मॉडेल त्याच इंजिनावर खदानीत चालत होता. केबिन अरुंद, उन्हाळ्यात भट्टी, आवाज असा की शेजारी बसलेल्याशी हातवारे करून बोलावं लागे. कुणी त्याच्यावर प्रेम केलं ते आरामासाठी नाही. खडीने हौदा भरून चिखलातून वर येताना ड्रायव्हरला गिअर शोधावा लागत नसे, म्हणून केलं.

तो आर मॉडेल 1966 ला आला आणि एकविसाव्या शतकापर्यंत बनत राहिला. माझ्या मते मॅक म्हणजे ही गोष्ट आहे : कोण कशासाठी बनवतो आणि बिघडल्यावर कोण दुरुस्त करतो. आजही उत्तर अमेरिकेत विकले जाणारे मॅकचे मोठे ट्रक पेनसिल्व्हेनियातल्या मकंजीच्या कारखान्यात जुळवले जातात. तो कारखाना 1975 चा. इंजिनं मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनची, जिथे मॅकची इंजिनं 1961 पासून बनतात. मकंजीला माझ्या शेजारणीचा मुलगा कामाला आहे. त्याच्यासमोर 'चिकटवलेला बुलडॉग' म्हणून पाहा.

इथे वडिलांची गाडी परत आठवते. टेल्कोने 1954 मध्ये मर्सिडीज-बेंझशी करार केला, 1969 मध्ये तो संपला, आणि नाकावरची चांदणी जाऊन टी आला. इंजिनाचा वंश जर्मनच राहिला. कराडच्या स्टँडबाहेरच्या एकाही मालकाने तेव्हा 'ही नकली गाडी' म्हटल्याचं मी ऐकलं नाही. पार्ट गावात मिळतो का, मिस्त्रीला उघडता येते का, घाटात ब्रेक धरते का, एवढंच बघायचे. मालकांचे अनुभव म्हणतात ते हेच, आणि माझा लेख त्यावरच उभा आहे.

कामगारांचा मुद्दा मान्य करते. 1987 मध्ये साउथ कॅरोलिनातल्या विन्सबरोला कारखाना निघाला, अ‍ॅलनटाउनमधला जुना बंद झाला, युनियनशी मोठा संघर्ष झाला, आणि 2002 मध्ये विन्सबरोही बंद पडला. यावर मी खरंच एकच ओळ लिहिली होती. जास्त हवं होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये मॅकच्या सुमारे 4000 कामगारांनी संप केला, तोही त्याच लेखात यायला हरकत नव्हती. पण 'जेमतेम एक ओळ' हे तुम्ही कामगारांच्या कळवळ्याने लिहिलंत असं बाकीच्या प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

धुराच्या यंत्रणेचा मुद्दा मात्र मी मुद्दाम सोडला होता आणि पुन्हा सोडेन. 2007 नंतर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्याच मोठ्या डिझेल ट्रकांना काजळी गाळणारा डीपीएफ आला, 2010 च्या नियमांनी बहुतेकांना धुरातले विषारी वायू कमी करणारी युरियाची टाकी आली. आमचा एक मिक्सर त्यापायी ऐन हंगामात उभा होता, आत काँक्रीट घट्ट होऊ नये म्हणून ड्रम रिकामा करताना सगळ्यांची धावपळ झाली. तो कुठल्या कंपनीचा होता ते सांगत नाही, कारण त्या काळात हे सगळ्यांच्याच यार्डात चाललं होतं. एकट्या मॅकच्या माथी ते मारणं अन्याय आहे. किंमत आणि मायलेज यावरचे तुमचे दोन परिच्छेद मी वाचले, त्यात उत्तर देण्यासारखं काही सापडलं नाही.

आणि 'माहितीपत्रकातलं' म्हणून तुम्ही ज्या गोष्टीकडे बोट दाखवता, ती मुख्य अभियंता आल्फ्रेड मॅसरी यांची. 1932 मध्ये इस्पितळात असताना त्यांनी तो कुत्रा कोरला आणि त्या आकाराचं पेटंट घेतलं. पेटंट सरकारी दफ्तरात आहे. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1933 मध्ये, न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ अ‍ॅक्रन हे वायूने तरंगणारं हवाई जहाज कोसळलं, त्यात ते गेले. ज्या माणसाला आपली मूर्ती लाखो ट्रकांवर बसलेली पाहायला मिळाली नाही, त्याची आठवण ठेवणं म्हणजे जाहिरात करणं असं मला वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पाककृतीचं वाक्यही तसंच राहील. तुम्ही स्वतः कुठला ट्रक पाळता, कुठल्या सालचा, बोनेटखाली कुठलं इंजिन, आणि गेल्या हंगामात तो कशापायी उभा राहिला, हे सगळ्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. ते लिहिलंत तर पुढचं बोलू.