‘कंपनीचाच घ्या, वॉरंटी असते!’ बरं, पण वॉरंटीत असतं काय?

बारावीचे निकाल लागले की एक मेसेज घरोघरी फिरायला लागतो. यंदा तो मला आमच्या दाजींनी पाठवला, कारण भाचा इंजिनिअरिंगला चाललाय आणि त्याला कॉम्प्युटर घ्यायचाय. मेसेज थोडक्यात असा: ‘कॉम्प्युटर घ्यायचा तर नामांकित कंपनीचा तयारच घ्या. बिघडला तर दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस घरी येतो. असेंबल मशीनला वॉरंटीच नसते. कंपनीकडे एकच फोन, टोलवाटोलवी नाही. मात्र कॅबिनेट उघडू नका, सील तुटलं की वॉरंटी गेली. एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका, पाच वर्षं बघायला नको. आणि उद्या काही झालंच तर ग्राहक मंचात जाऊ नका, चपला झिजतात.’ खाली जोडलेले हात आणि ‘एका अनुभवी माणसाचा सल्ला’.

अनुभव माझ्याकडेही आहे. कराडमध्ये वीस वर्षं डीटीपी करतोय. लग्नपत्रिका, बिलबुकं, दशक्रियेची कार्डं. माझ्या टेबलाखाली आत्ता दोन मशीन आहेत, एक कंपनीचं आणि एक असेंबल, म्हणजे सुटे पार्ट घेऊन दुकानात जोडून घेतलेलं. त्यामुळे मी दोन्हीकडचा मार खाल्लेला आहे.

सुरुवात त्या ‘दुसऱ्या दिवशी’पासून करू, कारण मीही त्यालाच भुलून तीन वर्षांच्या ऑनसाइट (घरी येऊन दुरुस्तीच्या) वॉरंटीचं मशीन घेतलं होतं. कंपनीच्या कागदावर हे वाक्य पूर्ण वाचलं तर असं असतं: फोनवरची तपासणी पूर्ण झाल्यानंतर, पार्ट उपलब्ध असल्यास, पुढच्या कामकाजाच्या दिवशी. या प्रत्येक स्वल्पविरामात एक आठवडा सहज मावतो.

माझं मशीन चौदाव्या महिन्यात गेलं. एप्रिल, ऐन लगीनसराई. दुपारी बटणाचा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. पंखा फिरेना, काही नाही. शेजारच्या रिपेअरवाल्या पोराने नुसतं ऐकून सांगितलं, ‘काका, एसएमपीएस गेला.’ म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा. मी वॉरंटीवाला माणूस, म्हणून टोल फ्री नंबर लावला. पाऊण तासाच्या त्या फोनमधला पहिला प्रश्न: ‘सर, आपण रीस्टार्ट करून पाहिलंत का?’ चालूच होत नाही ते रीस्टार्ट कसं करायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही. मग म्हणाले, बाजूचं झाकण काढा, रॅम काढून पुन्हा बसवा. बसवली. वर स्वतःच्या मनाने खोडरबरने तिचे पिवळे दातही घासले. शेवटी एक केस नंबर मिळाला.

तिसऱ्या दिवशी कोल्हापूरहून एक इंजिनिअर आला. गुणी पोरगा. पाठीवरच्या बॅगेतून त्याने काढला मदरबोर्ड, म्हणजे बाकीचे पार्ट जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी. मी म्हटलं, ‘भावा, एसएमपीएस गेलाय रे.’ तो म्हणाला, ‘मलापण तसंच वाटतंय सर, पण सिस्टिमने बोर्ड पाठवलाय.’ बोर्ड बदलला. मशीन ढिम्म. मग त्याने चार स्क्रूंपैकी दोन लावले आणि हळूच म्हणाला, ‘सर, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय तेवढा सांगा, नाहीतर माझी व्हिजिट क्लोज होत नाही.’ तो ओटीपी सांगितला असता तर कागदोपत्री माझं मशीन दुरुस्त झालं असतं आणि दुसऱ्या पार्टसाठी मला पुन्हा ‘रीस्टार्ट करून पाहिलंत का’पासून सुरुवात करावी लागली असती. मी दिला नाही. त्याचा चेहरा पडला, कारण बंद न झालेल्या कॉलचे पैसे त्याला मिळणार नव्हते. तो कंपनीचा नव्हताच, कंत्राटदाराचा होता. चहा पिऊन गेला बिचारा.

योग्य पार्ट यायला एकूण १९ दिवस लागले. वॉरंटी त्या १९ही दिवसांत ठणठणीत होती, मशीन तेवढं बंद होतं. माझ्या चार पत्रिका समोरच्याकडे गेल्या. त्या नुकसानीची भरपाई वॉरंटीत येत नाही, हेही त्याच कागदावर बारीक अक्षरात असतं.

आता कुणी म्हणेल, मग बाहेरून एसएमपीएस घालून टाकायचा! मी तेही करून पाहिलं. मशीन उचलून रिपेअरवाल्याकडे नेलं. त्याने नवा एसएमपीएस खोक्यातून काढला, त्याचा २४ पिनांचा कनेक्टर हातात धरला आणि माझ्या बोर्डाकडे बघत राहिला. तिथे २४ पिनांची जागाच नव्हती, कंपनीचा स्वतःचा छोटा कनेक्टर होता. बोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस एकमेकांत बसावेत म्हणून एटीएक्स हे ठरलेलं माप इंटेलने १९९५ साली आणलं. पुढे २० पिनांच्या २४ झाल्या, पण कुठल्याही दुकानातला एसएमपीएस कुठल्याही कॅबिनेटमध्ये बसावा ही सोय टिकली. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच तयार डेस्कटॉपमध्ये ती मुद्दाम सोडलेली असते: बोर्डाचा आकार वेगळा, पुरवठा फक्त १२ व्होल्टचा, स्क्रूची भोकं तिसरीकडेच. जोडवायर मिळते म्हणे, पण ती लावली की वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं. असेंबल मशीनमध्ये जे काम दोन-अडीच हजारांत आणि अर्ध्या तासात झालं असतं, त्यासाठी मी एकाच कंपनीच्या गोदामाकडे डोळे लावून बसलो. वॉरंटी किती वर्षांची हे सगळे विचारतात, पण पार्ट गावात मिळतो का हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

‘असेंबलला वॉरंटी नसते’ हे तर सरळ चूक आहे. अख्ख्या मशीनची एक वॉरंटी नसते, प्रत्येक पार्टची वेगळी असते आणि बऱ्याचदा ती जास्त असते. खोक्यातून आलेल्या प्रोसेसरला साधारण तीन वर्षं, मदरबोर्डला बहुधा तीन, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा, माहिती साठवणाऱ्या एसएसडीला तीन ते पाच, आणि रॅमवाले तर दहा वर्षं किंवा ‘लाइफटाइम’ देतात. दुकानात ठेवलेल्या तयार डेस्कटॉपला मात्र पुष्कळदा एकच वर्ष असतं, पुढचं पैसे भरून. शिवाय पार्टची वॉरंटी सीरियल नंबरवर चालते. ज्याने मशीन जोडलं त्याने उद्या दुकान बंद करून रसवंतीगृह टाकलं तरी पार्टच्या कंपनीकडे ती शाबूत राहते.

दाजींच्या मेसेजमध्ये खरं आहे ते एवढं: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वा आणखी कुठून ‘बिल नको, स्वस्तात देतो’ म्हणून घेतलेल्या मालाला खरंच काही नसतं. परदेशातून परस्पर आलेला पार्ट इथला अधिकृत आयातदार हातात धरत नाही. पक्कं जीएसटी बिल आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर, हे नसेल तर असेंबल घेऊच नका. आणखी एक गोष्ट कबूल करतो. असेंबल मशीन बंद पडलं की नक्की कोणता पार्ट गेला हे शोधणं तुमच्या गळ्यात पडतं. जवळ जाणता दुकानदार नसेल आणि घरात कुणाला स्क्रूड्रायव्हर धरता येत नसेल, तर कंपनीचं मशीन बरं. ऑफिसांसाठी कंपन्या जी वेगळी, महागडी मशीनं काढतात त्यांची सेवाही वेगळ्या दर्जाची असते. पण तो मेसेज त्या मशीनबद्दल बोलत नाही.

‘एकच फोन, टोलवाटोलवी नाही’ याचं सगळ्यात मोठं उत्तर २०२४ साली जगाने पाहिलं. इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर आपोआप क्रॅश व्हायला लागले. जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोडमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्राममधल्या) चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, पण जे प्रोसेसर आधीच दुखावले होते ते त्याने बरे होणार नव्हते. म्हणून इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, म्हणजे तीनची पाच. आता गंमत बघा. ज्याने खोकाबंद प्रोसेसर घेऊन मशीन जोडलं होतं, त्याला सांगितलं: थेट आमच्याकडे या. ज्याने तयार मशीन घेतलं होतं त्याला सांगितलं: तुमच्या मशीनच्या कंपनीला विचारा. पुढे मोठ्या कंपन्यांनीही वाढीव मुदत मान्य केली, पण मधल्या काळात ताटकळला कोण? तोच, ज्याच्याकडे ‘एकच फोन’ होता. तुमच्या मशीनमध्ये बसलेल्या प्रोसेसरचे ग्राहक तुम्ही नसता, मशीन बनवणारी कंपनी असते. एकच फोन याचा अर्थ दुसरा दरवाजा ठोठावायची सोय नाही, असाही होतो.

सीलचं काय? एकतर त्याच कंपनीच्या फोनवाल्याने मला झाकण काढायला लावलं होतं, हे वर आलंच आहे. रॅम कशी वाढवायची याची चित्रं कित्येक कंपन्या स्वतःच्या माहितीपुस्तकात देतात. अमेरिकेत १९७५ पासूनच्या वॉरंटी कायद्यामुळे ‘स्टिकर फाटला तर वॉरंटी रद्द’ ही धमकी चालत नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना आणि जुलै २०२४ मध्ये एझरॉक, झोटॅक आणि गिगाबाइट यांना अशा अटींवरून इशाऱ्याची पत्रं धाडली. आपल्याकडे स्टिकरबद्दल असा थेट नियम नाही, म्हणून वॉरंटीचा कागद वाचूनच हात घाला. उघडताना तुमच्या हातून काही तुटलं तर ते कुणीच भरून देणार नाही, आणि ते रास्तच आहे. पण आतली धूळसुद्धा काढायला घाबरायचं? आमच्याकडे उन्हाळ्यात पंख्यावर गोधडी जमते.

एक्स्टेंडेड वॉरंटीवर फार शाई घालवत नाही. बिलावर ती कुणाच्या नावाने आहे ते बघा. मशीनच्या कंपनीची असेल तर ठीक. दुकानातून चिकटवलेली असेल तर ती बहुधा तिसऱ्याच कुणाची तरी असते, तिचा नंबर वेगळा, अटी वेगळ्या, आणि जुन्या वस्तूची घसारा धरलेली किंमतही वेगळी. अगदी कंपनीच्या वॉरंटीतही एक बारीक फसगत होते: कंपनीच्या नोंदीत मुदत कधीकधी मशीन कारखान्यातून निघालं त्या दिवसापासून मोजलेली असते. दुकानात ते चार महिने पडून असेल तर तुमचे चार महिने गेले. घेतल्या दिवशी सीरियल नंबर टाकून तारीख तपासा आणि चुकली असेल तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, करत कुणीच नाही. मीही केलं नव्हतं.

राहिला ग्राहक मंच. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि मंचाचा आयोग झाला, तरी आपल्या तोंडी मंचच आहे. मेसेजमधली भीती जुनी आहे, म्हणजे निम्मी खरी. कायद्यात तीन महिन्यांत, आणि वस्तू तपासायची असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय, पण प्रत्यक्षात जास्त लागतात. मात्र आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय बंगळुरात असो वा गुरगावात, मला साताऱ्यालाच जायचंय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही’ असं कंपनीने म्हटलं तर घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादात येत नाही, हे कायद्यातच स्पष्ट केलंय.

मला तिथवर जावंच लागलं नाही. बाराव्या दिवशी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोललो. बिल, केस नंबर, आणि न दिलेल्या ओटीपीचा मेसेज, सगळं जोडलं. ती हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पोचवून पाठपुरावा करते, इतकंच. पण चौथ्या दिवशी कंपनीतून एका बाईंचा फोन आला आणि त्यांनी रीस्टार्टबद्दल काही विचारलं नाही. त्यानंतर तीन दिवसांनी एसएमपीएस आला. तोच पोरगा घेऊन आला. या वेळी मशीन चालू झाल्यावर मी त्याला ओटीपी सांगितला आणि राहिलेले दोन स्क्रू लावून घेतले.

हे सगळं फोनवर ऐकून दाजी म्हणाले, ‘मग तूच चल की दुकानात.’ गेलो. सेल्समनने वॉरंटीचं तोंडपाठ सांगितलं, ऑनसाइट, दुसऱ्या दिवशी वगैरे. मी एवढंच विचारलं, ‘यातला एसएमपीएस बाहेर मिळतो का हो? आत कुठला आहे ते दाखवता?’ तो म्हणाला, ‘डेमो पीस उघडायला परवानगी नाही सर,’ आणि मॅनेजरला विचारून येतो म्हणून आत गेला. दहा मिनिटं आम्ही पंख्याखाली उभे होतो. मग दाजीच म्हणाले, ‘चल, तुझ्या त्या रिपेअरवाल्याकडे जाऊ. तो बिलावर सीरियल नंबर टाकतो ना?’